धानाचं शेवटचं पाणी

ज्या घरचा माणूस नळखात्यात असतो, त्या घरच्या बाईला नळावर भांडायला जावं लागत नाही. भांडण आपल्या पायाने घरी येतं. हे मला लग्न होऊन गोंदियात आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं.

हे कमेटीत पाण्याचे ओवरसिअर होते. नगरपालिकेला तेव्हा सगळे कमेटीच म्हणत. आमचा क्वार्टर पाण्याच्या टाकीला लागून. नळ आला नाही की मोहल्ल्यातल्या बाया रिकामे गुंड, म्हणजे पितळी घागरी, घेऊन थेट आमच्या दारात उभ्या. "बाई, साहब को बोलो ना, नल कब छूटेगा?" मी बाहेर आले नाही तर मग एकमेकींशी, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "इनको क्या फिकर, इनके घर में तो गंगा बहती है." गंगा! अहो, लोक बोलतील म्हणून यांनी घरात नळच घेतला नव्हता. मी त्याच बायांच्या मागे, त्याच सरकारी नळावर गुंड घेऊन उभी राहत होते. आणि लोक बोलायचे ते बोलतच होते.

माझं माहेर नागऱ्याच्या पलीकडचं, बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट. गावाच्या डोक्यावर तलाव आणि तलावाच्या खाली आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, पण सांभाळायचं ते गाव. त्याचा एक रिवाज होता. कोणी लिहून ठेवलेला नव्हता आणि कोणी मोडत नव्हतं. ज्याच्या बांधीत पाणी, त्याचा पाय पारीवर. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. त्या पारीत खेकडे बिळं करतात. तलाव भरलेला असला की बिळं वरच्या अंगाला. पाणी उतरू लागलं की खेकडाही पाण्यामागे खाली जातो आणि बिळं खोल होत जातात. ती वेळीच बुजवली नाहीत तर तलाव आतल्या आत रिता होतो, वरून काही दिसत नाही. म्हणून हिवाळाभर पाळीपाळीने लोक पारीवर जायचे, काळी माती आणि तणस कालवून बिळात ठासायचे आणि पायाने तुडवायचे. तणस म्हणजे धानाचा पेंढा, आमच्याकडे त्याला काही तोटा नाही.

माझा बाप तर पाळी नसली तरी जायचा. सकाळी तोंडात तंबाखू, हातात काठी, आणि पारीवरून पाय आपटत चाललेला. आई म्हणायची, "या माणसाचं लगीन पारीसंगच लावाचं होतं, मले कायले आणलं!" पाणी सोडायचं भोक पारीच्या बुडात होतं, त्याला तुडूम म्हणतात. आमची बांधी तुडुमाखालची पहिलीच. त्यामुळे पहिलं पाणी आमचं आणि पहिला पायही आमचाच, अशी बापाची समजूत होती.

बाप गेला. त्याच्या पाठोपाठ मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाला. गावाला त्याचं काही वाटलं नाही. पार तीच, खेकडे तेच. बापाच्या जागी माझा भाऊ काठी घेऊन फिरू लागला, एवढंच.

मग ती कोरडी वर्षं आली. पहिल्या वर्षी कसंबसं निभावलं. दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. हत्ती नक्षत्र कोरडं, चित्रा कोरडी. आभाळ कसं घासून पुसून ठेवलेलं, बघून अंगाची आग व्हायची. शहराचं पाणी नदीच्या डोहात बांधलेल्या विहिरीतून यायचं. तो डोह दसऱ्यालाच उन्हाळ्यासारखा दिसायला लागला. नळ दोन वेळचा एक वेळ झाला, मग एक दिवसाआड. यांनी काय काय नाही केलं! गळक्या तोट्या बदलल्या. नळावर टांग्याचे घोडे धुवायला बंदी केली. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या मिलवाल्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पाणी जपून वापरा म्हणून शहरभर दवंडी पिटवली. लोक दवंडीवाल्यालाच धरून विचारायचे, "पानी है कहाँ, पहले वो तो बता." आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पोहरा यांच्या हातात, म्हणून शिव्या यांना.

एका संध्याकाळी हे कचेरीतून आले आणि जेवायला बसले. भाकरी मोडली, पण खाईनात. मी म्हटलं, "काय झालं?" तर खाली बघूनच म्हणाले, "नागपूरच्या साहेबांनी हुकूम काढला. एक तलाव शहरासाठी राखून ठेवायचा. शेताला थेंब द्यायचा नाही. उन्हाळ्यात तुडूम उघडून नाल्याने पाणी डोहात आणायचं." तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो आणि मोठे हुकूम नागपूरहून यायचे.

"कोणता तलाव?" मी विचारलं. यांनी ताट बाजूला सारलं. मग मला सांगायची गरज उरली नाही.

खरं सांगते, हुकूम वेड्यासारखा नव्हता. त्याच एका तलावाचा नाला आपल्या वळणाने डोहात जात होता. आणि शहरात माणसं किती, मिलची, बिडीची, रेल्वेची. त्यांनी उन्हाळ्यात काय प्यायचं? यांनी बैठकीत म्हणून पाहिलं होतं, धानाला शेवटचं एक पाणी देऊ आणि मग कुलूप लावू. त्यावर साहेब म्हणाले, "एक पाणी दिल्यावर उरेल त्यात शहराचा उन्हाळा निघेल असं लिहून देता का?" कोण लिहून देणार? हेही देऊ शकले नाहीत. मी असते तर मीही दिलं नसतं. पण त्या संध्याकाळी मी असं काही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी मी भांडी आपटली.

तुडुमावर लोखंडी झाकण बसलं, त्यावर कुलूप, आणि पारीवर कमेटीचा चौकीदार. किल्ली आमच्या घरी, खुंटीला. त्या खुंटीकडे बघितलं की मला जेवण जाईना.

चार दिवसांनी भाऊ आला. बैलगाडीने नाही, चालत आला. पाय धुवायला मी गडवाभर पाणी दिलं तर म्हणाला, "राहू दे बाई, तुमच्या इथं पाण्याची तंगी." हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं की काळजीने, मला आजवर समजलं नाही. मग यांच्यासमोर बसला. आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यापुढे हात जोडून बसला हो माझा भाऊ.

"जवाई, धान पोटरीत आहे. लोंबी भरून रायली. एक पाणी मांगतो, दुसरं नाई मांगत. आता नाई भेटलं तं समद्याचं तणस होईन."

हे म्हणाले, "भाऊ, किल्ली माझ्याजवळ आहे. पाणी माझ्याजवळ नाही."

"कुलूप तं तुमीच लावलं ना जी?"

"मीच लावलं."

"मंग उघडा. गावात कोणी बोलणार नाई."

"नाही," हे म्हणाले.

नुसतं 'नाही'. पुढे मागे काही नाही. भाऊ उठला. मी त्याला थांब म्हटलं, चहा घे म्हटलं, तर म्हणाला, "घरी तुही वयनी वाट पाहून रायली." मी दारात उभी राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि आत येऊन यांच्या अंगावर धावले. "नाही म्हणायला जीभ कशी रेटली तुमची? पाहुणा म्हणून तरी गोड बोलायचं! आणतो साहेबांकडून परवानगी, बघतो, असं काही तरी!" हे म्हणाले, "खोटी आशा देऊ? मग तो आठ दिवस वाट बघेल." मी म्हटलं, "तुमच्या काळजाचा दगड झाला." आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला धरून मारू? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, माझे तर दोन्ही कोरडे होते.

धान गेलं. दिवाळीला मी माहेरी गेले नाही, तोंड नव्हतं. कोणाकडून तरी कळलं की लोंब्या उभ्याच पांढऱ्या पडल्या, आत दाणा नाही, हातात चोळलं की नुसती फोलपटं. गावाने ते उभं धान कापलंच नाही, बैलं सोडून दिली त्यात.

आणि आता ऐका पुढची गंमत. गंमतच म्हणायची, दुसरं काय म्हणणार! धान गेल्यावरही माझा भाऊ बापाच्या सवयीने माती-तणसाची पाटी आणि फावडं घेऊन पारीवर गेला होता. पाणी शहराचं का असेना, पार आपली, असं त्याच्या मनात. चौकीदाराने त्याला अडवलं. त्याला सांगून ठेवलेलं, पारीवर माणूस फिरकू द्यायचा नाही, तुडूम फोडतील. त्याने भाऊचं फावडं हिसकून घेतलं आणि चोर म्हणून चार माणसांत ओरडला. झालं. त्या दिवसापासून भाऊने पारीवर पाय ठेवला नाही आणि भाऊने ठेवला नाही म्हणून गावात कोणीच ठेवला नाही.

ही गोष्ट यांना फार उशिरा कळली. पाणी मोजायची पट्टी तलावात रोवलेली होती. थंडी सरत आली तशी पट्टीवरची ओल रोज खाली जाऊ लागली. उन्हाने एवढं पाणी आटत नाही. यांनी चौकीदाराला झापलं, गावाला मोकळीक द्यायला सांगितलं, फावडं परत धाडलं. बैल गेला नि झोपा केला. गावातून माणूस येईना. शहरातून रोजावर मजूर नेले, तर त्यांनी पारीवर मुरूम टाकला. मुरमाने कुठं खेकड्याची बिळं बुजतात? यांनाही ते ठाऊक होतं. पण काळी माती गावाच्या शेतातली, तणस गावाच्या अंगणातलं, आणि गाव द्यायला तयार नाही.

एका सकाळी हे मला म्हणाले, "तू जाऊन बघतेस का?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याजवळ मागितलेली ती एवढीच गोष्ट. मी गेले.

भाऊ अंगणात दोर वळत बसला होता. वयनीने पाट दिला, गूळ-पाणी दिलं. मी आडून आडून बोलायला लागले तर भाऊने हातातला दोर खाली ठेवला. "बाई, रिवाज तुले सांगू काय? ज्याच्या बांधीत पाणी, त्याचा पाय पारीवर. माह्या बांधीत पाणी होतं काय? मंग माहा पाय कायले मांगून रायली?"

"शहरातली माणसं तहानेने मरतील रे," मी म्हटलं.

"मरू नाई. मी कोणाले मर म्हणत नाई. पण गेलो होतो ना मी? चोर ठरलो ना? आता परत जाऊ तं गाव म्हणन, बहिणीच्या नवऱ्यापायी यानं गावाचं पाणी इकलं. काऊन जाऊ, तूच सांग."

मी चिडले, उठले, आणि त्यांच्याच अंगणातली पाटी उचलून गोठ्यातली माती आणि तणस भरलं. वयनी म्हणाली, "काय करता वो बाई, येड लागलं काय?" मी कोणाचं ऐकलं नाही. पारीवर गेले, लुगडं वर खोचलं, आणि बापासारखं पाय आपटत बिळं शोधायला लागले. एक दिसलं, बुजवलं, तुडवलं. चार पावलांवर दुसरं. मग मी वाकून कान दिला तर खालून पाणी जात असल्याचा आवाज येत होता. वरच्या बिळांचा तो आवाज नव्हता, खोलचा होता. माझी पाटी संपली. दुपार झाली. खाली भाऊ आणि गावातली माणसं आपापल्या अंगणातून बघत होती. कोणी हसलं नाही, पण कोणी आलंही नाही. मी तिथेच पारीवर बसून मोठमोठ्याने रडले. बापाला हाका मारल्या, आता लपवून काय करू.

उतरताना आमची बांधी लागली. धान वाळून मेलेलं आणि त्याच्या बुडख्यांत घोटाभर पाणी उभं. तलावाचं पाणी पारीखालून झिरपत झिरपत बांधीत आलं होतं. ज्या एका पाण्यासाठी भाऊने हात जोडले ते पाणी आलं होतं, धान मेल्यावर.

चैत्रात साहेबांसमोर तुडूम उघडलं. हे सांगत होते, आधी गाळ आला, मग थोडं गढूळ पाणी, मग आत अडकलेल्या मासळ्या, आणि मग काही नाही. ते पाणी नाल्याच्या वाळूतच जिरलं, डोहापर्यंत पोचलं नाही. साहेबांनी यांना विचारलं, "बाकी पानी कहाँ गया?" यांनी पारीखालच्या बांध्यांकडे बोट केलं. साहेब स्वतः खाली उतरून बांधीतली ओल बघून आले. चांगला माणूस होता, रागावलाही नाही. रागवून तरी काय करणार होता?

त्यानंतरचा उन्हाळा मी कसा सांगू? नळ कधी येईल ते नळालाच माहीत. रेल्वेने थोडं पाणी दिलं, ते दवाखान्याला पुरलं. हे पहाटेच घराबाहेर पडायचे, विहिरी उपसून बघायचे, आणि परत येताना मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीने यायचे, बायांची तोंडं चुकवत.

अक्ती आली, म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरून तहानलेल्याला पाणी द्यायचं असतं. लेकीनेही बापाच्या नावाने द्यावी अशी आमच्याकडची रीत. पाणीवाल्या साहेबाच्या घरात बापाच्या घागरीपुरतं पाणी नाही! मी नवी घागर घेतली आणि माहेरची वाट धरली.

गावची विहीर भरलेली होती. मी वाकून बघतच राहिले. वयनी म्हणाली, "अवंदा आटली नाई, बाई. तलाव जमिनीत उतरला ना, तं विहिरीत निघाला." तिने पोहरा टाकला, ओढला, माझी घागर काठोकाठ भरली. भाऊने ती स्वतः उचलून गाडीत ठेवली, हलू नये म्हणून भोवती तणस कोंबलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "बाबाले पाज," म्हणाला, "त्याच्याच पारीचं होय." मग बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी हाकणाऱ्या गड्याला म्हणाला, "सावकाश ने, सांडू नोको."

ऊन कलताना गाडी आमच्या दारापुढे थांबली. सरकारी नळावर रिकाम्या गुंडांची रांग लागलेली होती, बाया सावलीत बसलेल्या. मी घागर घेऊन उतरले आणि सगळ्या उभ्या राहिल्या. कोणीतरी म्हटलं, "देखो, गंगा आ गयी." मला घरात जाऊन दार लावता आलं असतं. पण घागर बापाच्या नावाची होती आणि तहानलेल्या तर समोरच उभ्या होत्या. मी ती ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "आओ. एकेक गडवा."

ढकलाढकली झाली नाही. एक एक पुढे यायची, मी गडवा तिच्या गुंडात ओतायची. गढूळसर पाणी, बापाच्या पारीच्या मातीचं. हे केव्हा आले मला कळलं नाही, ते आतल्या दाराशी उभे होते. घागर हलकी होत गेली. मी गडवा तिरपा घालून तळाशी खरडायला लागले तेव्हा रांगेत शेवटी एक म्हातारी राहिली होती. बिडीच्या कारखान्यातली, मोहल्ल्यातली ती एकटीच अशी की जी मला कधी वेडंवाकडं बोलली नव्हती. तिने गुंड पुढे केला.

मी घागर पूर्ण कलती केली. गाळ आला.

"थोडा और होगा ना, बाई?" ती म्हणाली. "अंदर?"

मला गोड बोलायचं होतं. आणते म्हणायचं होतं, उद्या ये म्हणायचं होतं. पण मग ती उद्या आली असती.

"नाही," मी म्हटलं.

ती गुंड कमरेवर घेऊन गेली. मी मागे बघितलं. हे दारातच उभे होते, हातात तुडुमाची ती किल्ली. कमेटीत जमा करायची म्हणून दिवसभर खिशात घेऊन हिंडले होते आणि कोणी घेतली नव्हती. मी सरकले आणि त्यांना ओट्यावर माझ्या शेजारी बसायला जागा केली.